नोझलचे तोंड बदलले की भोवरा का बदलतो?

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. पाण्याने भरलेल्या टाकीत एक नळकांडे बुडवून, दट्ट्याच्या साहाय्याने रंगीत पाण्याचे छोटे झोत सोडून, त्यांपासून तयार होणारी भोवऱ्यांची वलये मी पाहतो. नळकांड्याच्या टोकाला मी तीन प्रकारची तोंडे आळीपाळीने बसवली : सरळ नळी, हळूहळू निमुळते होत जाणारे नोझल आणि मध्यभागी गोल छिद्र असलेली पातळ चकती. तिन्हींच्या तोंडाचा व्यास २५ मिलिमीटर आहे आणि प्रत्येक वेळी तितकेच पाणी तितक्याच वेळात बाहेर पडते. तरीही चकतीच्या छिद्रातून निघालेले वलय सर्वांत वेगाने पुढे जाते आणि त्याच्यामागे रंगाची शेपटीही सर्वांत लवकर दिसू लागते. पाठ्यपुस्तकातील सूत्रात नोझलच्या आकाराला जागाच नाही. मग हा फरक येतो कोठून?

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकातील सूत्रही त्याच्या गृहीतकांपुरते बरोबर आहे, प्रश्न एवढाच आहे की ती गृहीतके आपल्या तीन तोंडांपैकी कोणत्या तोंडाला लागू पडतात. त्यासाठी भोवऱ्यातील फिरणे मुळात कोठून येते, इथपासून सुरुवात करावी लागेल.

हेल्महोल्ट्झ यांनी १८५८ साली दाखवून दिले की, एकसारख्या घनतेच्या आणि घर्षणरहित द्रायूच्या (म्हणजे द्रवाच्या किंवा वायूच्या) अंतर्भागात भोवरा आपोआप जन्म घेऊ शकत नाही. याचा आपल्या प्रयोगापुरता अर्थ असा की, टाकीत दिसणाऱ्या वलयातील सगळी व्हॉर्टिसिटी, म्हणजे पाण्याच्या अगदी लहान भागाचे स्वतःभोवती फिरणे, ही नोझलच्या भिंतीवरून आलेली असते. भिंतीला लागलेले पाणी स्थिर असते, त्यापासून जरा आतले पाणी वेगाने जात असते आणि या दोहोंमधल्या पातळ सीमास्तरात वेग झपाट्याने बदलत असल्यामुळे तेथे व्हॉर्टिसिटी साठलेली असते. तोंडाच्या कडेशी भिंत संपते, सीमास्तर भिंतीपासून सुटतो, बाहेरच्या स्थिर पाण्यात शिरतो आणि स्वतःभोवती गुंडाळला जाऊन वलय बनतो. म्हणून नोझल वलयाला साच्याप्रमाणे आकार देते असे मानण्यापेक्षा, नोझल वलयाला व्हॉर्टिसिटी पुरवते असे मानणे अधिक उपयोगी ठरते. तोंडाचा आकार बदलला की हा पुरवठा किती दराने, कोणत्या दिशेने आणि अक्षापासून किती अंतरावर होतो, हे बदलते. आपल्या दोन्ही निरीक्षणांची कारणे या एका वाक्यात आहेत, असे मला वाटते.

आता ते सूत्र पाहू. त्यात असे धरलेले असते की नोझलमधून पाण्याचा एक सरळ दंडगोल जसाच्या तसा, सर्व ठिकाणी एकाच वेगाने आणि अक्षाला समांतर बाहेर येतो. या स्थितीत कडेवरून दर सेकंदाला बाहेर पडणारे अभिसरण, म्हणजे वलयाला मिळणाऱ्या एकूण फिरण्याचे माप, बहिर्वेगाच्या वर्गाच्या निम्मे येते. वेग स्थिर असेल तर एकूण अभिसरण म्हणजे वेग आणि बाहेर आलेल्या दंडगोलाची लांबी यांच्या गुणाकाराचा निम्मा. उदाहरणार्थ, आपला झोत सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने एक सेकंद चालला, तर दंडगोलाची लांबी १० सेंटिमीटर आणि अभिसरण ५० चौरस सेंटिमीटर प्रतिसेकंद. सूत्र साधे आहे आणि पहिला अंदाज म्हणून चांगलेही आहे, पण प्रत्यक्ष मोजलेले अभिसरण बहुधा त्यापेक्षा जास्त निघते. डिडेन यांनी १९७९ साली सरळ नळीच्या कडेशी वेगाची बारकाईने मोजणी करून ही तफावत उलगडली. झोत सुरू होताना पाणी कडेला वळसा घालून बाहेर पडते, त्यामुळे कडेजवळचा वेग त्या क्षणी सरासरीपेक्षा जास्त असतो. उलट नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरही एक सीमास्तर तयार होतो आणि त्याची व्हॉर्टिसिटी विरुद्ध चिन्हाची असल्याने ती एकूण बेरजेतून वजा होते.

सरळ नळीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती आपल्या मोजमापांत निश्चित दिसेल. पाण्यात एका सेकंदात सीमास्तर साधारण १ मिलिमीटर जाडीचा होतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत हा आकडा किरकोळ वाटेल, पण मंद पाण्याने भिंतीलगतची ही जागा अडवल्यामुळे मधल्या पाण्याला तेवढ्याच वेळात तितकेच पाणी नेण्यासाठी अधिक वेगाने जावे लागते. त्रिज्या १२.५ ऐवजी परिणामतः ११.५ मिलिमीटर उरली तर मधला वेग सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो आणि पुरवठ्याचा दर वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे तो त्या क्षणी जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो. नळी फार लांब आणि प्रवाह मंद असेल तर हा परिणाम टोकाला जातो : वेगाचा आलेख परवलयाकार होतो, मध्यभागी वेग सरासरीच्या दुप्पट होतो आणि अभिसरणाचा दर सूत्रातील दराच्या चौपट होतो. नोझलमागची नळी किती लांब आहे, हा प्रश्न म्हणूनच नोझलच्या आकाराच्या प्रश्नाचाच भाग आहे. प्रयोगाच्या वर्णनात तो पुष्कळदा गाळला जातो, हे योग्य नाही.

चकतीतील छिद्राची गोष्ट वेगळी आहे. तेथे भिंत जवळपास नाहीच, त्यामुळे जाड सीमास्तराचे कारण लागू पडत नाही. छिद्राकडे पाणी सर्व बाजूंनी येते आणि चकतीच्या मागच्या पृष्ठभागावरून घसरत येणाऱ्या पाण्याचा वेग छिद्राच्या कडेशी जवळजवळ पूर्णपणे अक्षाच्या दिशेने, म्हणजे आतल्या बाजूला असतो. हे पाणी कडेवर एकदम काटकोनात वळू शकत नाही. म्हणून छिद्रातून बाहेर पडल्यावरही झोत काही अंतरापर्यंत आक्रसत जातो आणि स्थिर प्रवाहात, धारदार कडेच्या व नळकांड्याच्या मानाने लहान असलेल्या छिद्रासाठी, झोताचे क्षेत्रफळ अखेरीस छिद्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ०.६१ पट उरते. तितकेच पाणी लहान क्षेत्रफळातून जायचे म्हणजे वेग १.६४ पट हवा. कडेवरून सुटलेल्या थराचा वेग हाच असतो आणि त्याचा वर्ग केला तर पुरवठ्याचा दर सूत्रापेक्षा सुमारे २.७ पट येतो.

आपल्या प्रयोगात मात्र एवढी वाढ मोजली जाणार नाही. झोत सुरू होताक्षणी आक्रसणे पूर्ण झालेले नसते, नुकते तयार होणारे वलय कडेजवळचा प्रवाह बदलते आणि छिद्राचा व्यास नळकांड्याच्या व्यासाच्या जवळ असेल तर आक्रसणेही कमी होते. तरीही दिशा निश्चित आहे. क्रिग आणि मोहसेनी यांनी २०१३ साली हा हिशोब नीट मांडला : वलयाला मिळणाऱ्या अभिसरणाच्या दरात एक भाग मध्यरेषेवरील वेगाच्या वर्गाचा असतो आणि दुसरा भाग अक्षाकडे जाणारा वेग तोंडाबाहेर किती लवकर मावळतो याचा असतो. सरळ नळीत हा दुसरा भाग नगण्य असतो, छिद्रात तो मोठा असतो आणि आपल्या पाठ्यपुस्तकातील सूत्रात तो मुळातच नाही. अभिसरण जास्त आणि झोत आक्रसल्यामुळे वलयाची त्रिज्या लहान, या दोन्ही गोष्टी वलयाचा वेग वाढवतात. पातळ गाभ्याच्या वलयासाठी केल्व्हिन यांनी १८६७ साली दिलेल्या सूत्रानुसार वलयाचा स्वतःचा वेग अभिसरणाच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या साधारण व्यस्त प्रमाणात असतो. आपल्या छिद्रातील वलय पुढे का पळते, याचे उत्तर येथे मिळते.

निमुळत्या नोझलबद्दल थोडक्यात सांगता येईल. आत पाण्याचा वेग वाढत जात असल्यामुळे सीमास्तर पातळ राहतो आणि बाहेर पडताना वेग जवळपास सर्वत्र सारखा असतो. निमुळते होणे सौम्य असेल आणि टोकाशी भिंत अक्षाला समांतर झालेली असेल, तर तीन तोंडांपैकी सूत्राच्या सर्वांत जवळ हेच जाईल. शंकूचा कोन मोठा असेल आणि तो थेट कडेपर्यंत तसाच असेल, तर ते छिद्राप्रमाणे वागू लागेल.

आता शेपटीकडे वळू, कारण आपल्या प्रश्नाचा तो सर्वांत रसपूर्ण भाग आहे. १९९८ साली घरीब, रॅम्बोड आणि शरीफ यांनी पाण्यातील दट्ट्याच्या प्रयोगांतून दाखवले की, बाहेर ढकललेल्या दंडगोलाची लांबी व्यासाच्या सुमारे चौपट होईपर्यंत सगळी व्हॉर्टिसिटी पुढच्या वलयात सामावते. त्यापुढे कितीही पाणी ढकलले तरी वलय अधिक बलवान होत नाही आणि उरलेला पुरवठा मागे लांबट झोताच्या रूपात राहतो. या मर्यादेला निर्मिती-अंक म्हणतात आणि त्यांच्या मोजमापांत तो साधारण ३.६ ते ४.५ या पट्ट्यात आला. त्यामागचे कारण असे की, दिलेल्या अभिसरणासाठी आणि दिलेल्या आवेगासाठी (म्हणजे पाण्याला मिळालेल्या एकूण ढकलीसाठी) स्थिर वलयाला किमान काही ऊर्जा लागते. या तिन्ही राशींपासून बनणारा परिमाणरहित ऊर्जा-अंक वलयाच्या बाबतीत ०.३३ च्या जवळ येऊन थांबतो, असे त्यांना आढळले. साध्या दंडगोलाच्या सूत्रांवरून हाच अंक काढला तर तो १.२५ भागिले लांबी-व्यास गुणोत्तर इतका येतो. म्हणजे गुणोत्तर ३.८ झाले की पुरवठ्यातील ऊर्जा वलयाच्या गरजेपेक्षा कमी पडू लागते. इतक्या साध्या हिशोबातून प्रयोगाच्या इतके जवळचे उत्तर निघावे, याचा आनंद मला दर वेळी होतो.

हाच हिशोब आपल्या छिद्राला लावून पाहावा. झोत पूर्ण आक्रसलेला धरला, तर प्रत्यक्ष बाहेर जाणाऱ्या दंडगोलाचा व्यास छिद्राच्या ०.७८ पट आणि लांबी १.६४ पट होते. म्हणजे खरे गुणोत्तर आपण छिद्राच्या व्यासावरून काढलेल्या गुणोत्तराच्या सुमारे २.१ पट असते. जी मर्यादा नळीत ४ ला येते, ती छिद्रात आपल्या मापाने २ च्या आसपास यायला हवी. प्रत्यक्षात आक्रसणे अपुरे असल्याने ती त्याहून काहीशी वर जाईल, पण शेपटी लवकर दिसण्याचे कारण हेच. परवलयाकार वेगाच्या झोतासाठीही असेच घडते : रोझेनफेल्ड, रॅम्बोड आणि घरीब यांनी १९९८ सालीच संगणकीय गणनेतून दाखवले की, अशा वेळी निर्मिती-अंक ७५ टक्क्यांपर्यंत घटून १ च्या जवळ येऊ शकतो. चार हा आकडा कोणत्याही नोझलला लागू पडणारा नियम म्हणून सांगितला जातो, तेव्हा तो सपाट वेगाच्या गोल नळीचा आकडा आहे, हे सोबत सांगितले गेले पाहिजे.

एक सूचना. रंगाची शेपटी आणि व्हॉर्टिसिटीची शेपटी या एक नव्हेत. पाण्यात रंगाचे रेणू फार हळू पसरतात, व्हॉर्टिसिटी त्यापेक्षा कितीतरी लवकर पसरते. त्यामुळे जेथे रंग आहे तेथे भोवरा असेलच असे नाही. वलय झोतापासून कधी तुटले हे ठरवायचे असेल तर पाण्यात बारीक कण सोडून, प्रकाशाच्या पातळ पडद्यात त्यांची छायाचित्रे घेऊन वेग मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे. रंगावरून तुलना करता येते, आकडा काढता येत नाही.

प्रश्न : मी गोल तोंडाऐवजी लंबगोल तोंड बसवले. तोंडाची लांब बाजू आडवी असताना वलय बाहेर आले तेव्हा तेही आडवे लांबट होते, पण थोडे पुढे गेल्यावर ते उभे लांबट झाले आणि त्यानंतर पुन्हा आडवे. झोताला पीळ पडत असल्यामुळे वलय फिरत असेल का?

उत्तर : पिळाचा येथे काही संबंध नाही. आपले वलय मुळात फिरलेलेच नसते. त्याच्या दोन अक्षांनी लांबीची अदलाबदल केलेली असते. खात्री करून घ्यायची असेल तर तोंडाच्या कडेवर एका ठिकाणी वेगळा रंग लावून पाहावे. पीळ असता तर तो ठिपका अक्षाभोवती फिरत गेला असता. येथे तो आपल्याच प्रतलात अक्षाकडे येतो आणि परत बाहेर जातो, असे दिसेल.

भोवऱ्याचा तंतू, म्हणजे दोरीसारखा बारीक गाभा, वाकलेला असेल तर त्याचा प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यांच्या प्रभावाने पुढे सरकतो आणि वाकण जितकी तीव्र तितका हा वेग जास्त. दा रिओस यांनी १९०६ साली या गतीचे समीकरण मांडले होते. गोल वलयात वाकण सर्वत्र सारखी असते, म्हणून ते सपाट राहून सरळ पुढे जाते. लंबगोल वलयात लांब अक्षाची दोन टोके अधिक वाकलेली असतात, म्हणून ती चपट्या बाजूंना मागे टाकून पुढे सरकतात आणि वलय प्रतलातून बाहेर वाकते. टोके पुढे गेली की त्यांच्याजवळचा तंतू मागच्या दिशेने कललेला असतो. तुकड्याची गती त्याच्या वाकणीच्या प्रतलाला लंब असल्यामुळे आता त्या गतीला आतल्या दिशेचा एक घटक मिळतो आणि टोके अक्षाकडे येऊ लागतात. मागे राहिलेल्या बाजूंना नेमका उलट, बाहेरच्या दिशेचा घटक मिळतो. काही वेळाने पूर्वीचा लांब अक्ष आखूड आणि आखूड अक्ष लांब झालेला असतो, मग हीच क्रिया दुसऱ्या बाजूने घडते. घर्षणामुळे गाभा जाड होत गेला की हे हेलकावे मंदावतात.

लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर बरेच मोठे घेतले तर वेगळीच घटना घडू शकते. टोके आत येताना वलयाचे समोरासमोरचे भाग इतके जवळ येतात की, विरुद्ध दिशांना फिरणारे ते गाभे एकमेकांना भिडतात, तंतू तुटून नव्याने जोडले जातात आणि एका वलयाची दोन वलये होतात. अतिशय लांब फटीसारख्या तोंडाच्या मध्यभागी तर वलय असे काही उरतच नाही. तेथे विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन समांतर भोवऱ्यांची जोडी दिसते आणि टोकांचा परिणाम उशिरा पोहोचतो.

चौकोनी तोंडातही तत्त्व तेच असते. चार कोपऱ्यांशी वाकण तीव्र असल्यामुळे कोपरे पुढे धावतात, मग आत येतात, बाजू बाहेर फुगतात आणि काही अंतरावर चौकोन ४५ अंशांनी वळल्यासारखा दिसतो. या हालचालींत बाहेरचे पाणी किंवा हवा झोतात मोठ्या प्रमाणावर ओढली जाते. ज्वलनासाठी इंधन आणि हवा लवकर मिसळायची असते तेथे गोल नसलेल्या नोझलांचा विचार होतो, तो याच गुणामुळे. त्यासाठी कोणताही हलणारा भाग किंवा जादा ऊर्जा लागत नाही. वलय झोतापासून केव्हा तुटते, या प्रश्नासाठी मात्र लंबगोल तोंड गोल तोंडापेक्षा फार वेगळे ठरत नाही. गुणोत्तर फार टोकाचे नसेल आणि व्यासाच्या जागी समान क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास घेतला, तर तुटण्याची वेळ गोल तोंडाच्या आकड्याच्या जवळपासच राहते.

प्रश्न : आमचा गट पाण्याखाली चालणारे एक छोटे स्वयंचलित वाहन तयार करत आहे आणि त्याला अखंड झोताऐवजी स्पंदित झोताने ढकलण्याचा विचार आहे. प्रत्येक स्पंदनात लांबी-व्यास गुणोत्तर ४ ठेवावे आणि वलय बलवान असते म्हणून छिद्राचे तोंड निवडावे, असे आम्ही ठरवले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : दोन्ही निर्णयांमागील विचार समजण्यासारखा आहे, परंतु ते एकत्र घेतले तर एकमेकांना छेद देतात. वर दिलेल्या हिशोबाप्रमाणे छिद्राच्या तोंडाला ४ हे गुणोत्तर ठेवले, तर प्रत्येक स्पंदनाचा जवळजवळ निम्मा भाग वलय तुटल्यानंतरच्या शेपटीत जाईल.

स्पंदनामुळे ढकलण्याचे बल का वाढते, ते आधी पाहू. झोत सुरू होताना तोंडासमोरचे स्थिर पाणी बाजूला सारावे लागते आणि त्याला वलयाबरोबर गती द्यावी लागते. त्यासाठी तोंडाशी दाब सभोवतालच्या दाबापेक्षा वाढतो आणि हा जादा दाब, गुणिले तोंडाचे क्षेत्रफळ, वाहनाला पुढे ढकलतो. अखंड झोताला हा लाभ मिळत नाही. क्रूगर आणि घरीब यांनी २००३ साली मोजमापांतून दाखवले की, प्रत्येक स्पंदनामागचे सरासरी बल निर्मिती-अंकाच्या आसपास सर्वाधिक असते, कारण वलय तुटल्यानंतर येणारा झोत समोरचे नवे पाणी ढकलत नाही. तो वलयाने आधीच हलवलेल्या पाण्यात शिरतो. त्यामुळे नळीसाठी ४ च्या जवळ राहण्याचा आपला हेतू बरोबर आहे. छिद्रासाठी तो आकडा खाली आणावा लागेल.

छिद्र की नळी, याचे उत्तर आपल्याला काय हवे आहे यावर ठरते. तितकेच पाणी तितक्याच वेळात बाहेर टाकून जास्तीत जास्त आवेग हवा असेल, म्हणजे वाहनाच्या पोटातील पाण्याची जागा मर्यादित असेल, तर छिद्र सरस आहे. पण छिद्रातून वेगाने जाणाऱ्या झोताला देण्याची ऊर्जा आवेगापेक्षा अधिक वेगाने वाढते : बाहेरचा वेग १.६४ पट झाला तर आवेग साधारण तितकाच पट वाढतो आणि ऊर्जा २.७ पट. बॅटरी किती वेळ पुरते हा आपला निकष असेल तर सपाट वेग देणारे, मोठ्या व्यासाचे, शेवटी समांतर झालेले नोझलच मी सुचवीन. जागेवर वळण्यासाठी आणि थोड्या अंतरावर नेमके थांबण्यासाठी असलेल्या बाजूच्या लहान झोतांना छिद्र चालेल. मुख्य ढकलणीसाठी ते महागात पडेल.

वाहन चालू लागले की आणखी एक बदल होतो. तोंडाभोवतीचे पाणी वाहनाच्या सापेक्ष मागे, म्हणजे झोताच्याच दिशेने वाहत असते. त्यामुळे झोत आणि सभोवतालचे पाणी यांच्या वेगांतील फरक कमी होतो, वलयाला मिळणारे अभिसरण घटते आणि वलय सभोवतालच्या प्रवाहाबरोबर लवकर पुढे निघून जाते. निर्मिती-अंक खाली येतो. टाकीत वाहन बांधून ठेवून ठरवलेले स्पंदन चालत्या वाहनाला जसेच्या तसे योग्य ठरणार नाही. शक्य असेल तर स्पंदनाची लांबी वाहनाच्या वेगानुसार बदलता येईल अशी सोय आतापासूनच ठेवावी.

तोंडाचा व्यास झोत चालू असतानाच बदलता आला, तर हे सगळे हातात येते. डाबिरी आणि घरीब यांनी २००५ साली असे बदलत्या व्यासाचे नोझल बांधून प्रयोग केले आणि वलयातील व्हॉर्टिसिटीची मांडणी तोंड उघडण्या-मिटण्याच्या वेळापत्रकाने बदलता येते, हे दाखवले. निसर्गात हे पुष्कळ जुने आहे. माकूल या सागरी प्राण्याची झोत सोडण्याची नळी मऊ असून तिचे तोंड तो लहान-मोठे करू शकतो आणि त्याच्या पोहण्यात सुटी वलये व वलयामागे लांब झोत असे दोन्ही प्रकार मोजले गेले आहेत. हृदयातही हीच क्रिया चालते : डावा कर्णिका-कप्पा आणि डावे निलय यांच्यामधील झडप उघडताना रक्ताचा जो झोत निलयात शिरतो, त्यापासून वलय बनते. घरीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी हृदयांसाठी या झोताचा निर्मिती-काळ, म्हणजे लांबी-व्यास गुणोत्तराचाच एक प्रकार, सुमारे ३.५ ते ५.५ या पट्ट्यात आढळला. झडपेची पाती लवचीक आणि तोंड सतत बदलते असूनही आकडा कडक नळीच्या आकड्याच्या इतका जवळ यावा, ही मला या विषयातील अत्यंत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते.

प्रश्न : नोझलची कड धारदार असावी की गोलसर? आणि भिंतीच्या जाडीने फरक पडतो का?

उत्तर : धारदार कडेचा फायदा असा की प्रवाह कोठून सुटणार हे निश्चित असते. पुलिन यांनी १९७८ साली काढलेल्या उत्तरानुसार, अतिशय पातळ कडेवरून स्थिर वेगाने सुरू झालेल्या प्रवाहात गुंडाळीचा आकार काळाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो. कडेचा कोन जसजसा बोथट होतो तसतसा हा घात बदलतो. म्हणजे सुरुवातीच्या क्षणांतील वलयावर कडेच्या कोनाची थेट छाप असते. पुढे वलय कडेपासून दूर आणि मोठे झाले की ती फिकी होते. कड गोलसर असेल तर सुटण्याची जागा वेगानुसार मागेपुढे सरकते, पाणी काही काळ वळणाला चिकटून बाहेर वळते आणि वलय उशिरा, थोड्या मोठ्या त्रिज्येवर तयार होते. मोजमापांसाठी धारदार कड घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी आत ओढणाऱ्या आणि बाहेर टाकणाऱ्या झोतांत, ज्यांत एकूण हिशोबात पाणी बाहेर जातच नाही, गोलसर कडेचा तोटा अधिक जाणवतो. अशा गोल झोतात बाहेर टाकलेल्या दंडगोलाची लांबी व्यासाच्या साधारण निम्म्याहून कमी असेल तर वलय तोंडापासून सुटतच नाही, पुढच्या ओढीत परत आत जाते. कड गोलसर केली की सुटण्यासाठी आवश्यक असलेली ही लांबी बदलते, म्हणून दुसऱ्याच्या नोझलचा आकडा स्वतःच्या नोझलला लावू नये.

भिंतीच्या जाडीचा परिणाम मुख्यतः बाहेरच्या बाजूने येतो. भिंत पातळ आणि बाहेरून निमुळती असेल तर तयार होणारे वलय मागचे पाणी सहज ओढू शकते. भिंत जाड किंवा तोंड मोठ्या सपाट पृष्ठभागात बसवलेले असेल तर त्या पृष्ठभागावर विरुद्ध चिन्हाची व्हॉर्टिसिटी तयार होते आणि वलयाच्या कडेला ओढली जाते. दट्ट्या एकदम थांबवला तर याच कडेवर विरुद्ध दिशेने फिरणारा एक लहान भोवराही उमटतो आणि लहान स्पंदनांत तो मुख्य वलयाला लक्षात येईल इतके दुबळे करतो. दट्ट्या थोडा सावकाश थांबवला की तो बराच कमी होतो. नळीचे टोक तिरके कापलेले असेल तर वलयाचा एक भाग आधी आणि दुसरा नंतर सुटतो, वलय कलते आणि नळीच्या अक्षापासून बाजूला जाऊ लागते. आपले वलय सरळ जात नसेल तर पंप किंवा दट्ट्या तपासण्याआधी नळीचे टोक गुण्याला लावून काटकोनात कापले आहे की नाही, ते पाहावे.